गावातले तंटे मिटवताना: तुमचे अनुभव लिहा (अनुभव धागा)

धुरेकरी (वाशीम)
राम राम मंडळी. भावकीत, गटात, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) दोघांचं बिनसलं की मधे पडायची पाळी आपल्यातल्या बऱ्याच जणांवर येते, सरपंच आहे म्हणून नाही तर नुसतं वयानं मोठं आहे म्हणून. कशानं मिटलं, कशानं चिघळलं ते लिहा. गावाचं, माणसाचं नाव टाकू नका, उद्या तोच वाचंल.

माझ्यापासून सुरू करतो. आमच्याकडं दोन घरांनी आज्याच्या काळात वावरं अदलाबदल केली, तोंडीच. वाहिती एकाची न् सातबारा दुसऱ्याचा, नातवाला पीककर्ज पाहिजे झालं तेव्हा बँकेत उघडं पडलं, अन् मग "विहीर तर आमच्या बापानं खंदली" इथून सुरू. यासाठी सरकारची सलोखा योजना आहे, २०२३ मधे आली, १२ वर्षं एकमेकाच्या जमिनीवर ताबा असला की अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० न् नोंदणी फी १००० रुपये, तलाठी पंचनामा करतो. कागदाचं काम तेवढंच. विहिरीच्या पाण्याचं मात्र त्यात काही नाही, न् भांडण तर तिथंच होतं.

दोघांना एकत्र बसवलंच नाही आम्ही. सांजच्याला वेगवेगळं जाऊन एकच विचारलं, "पाणी कधी न् किती लागते तुले?" एकाला हरभऱ्याला दोन ओलितं, दुसऱ्याला हळद म्हणजे सतत पाणी. मग कळलं की खरी बोंब रातच्या लाईनची, थंडीत राती मोटर कोणी चालू करायची! दिवसा लाईन असलेला आठवडा हरभरेवाल्याला ओलितापुरता दिला, बाकी सगळं हळदवाल्याचं, अन् मोटरदुरुस्ती पण त्याचीच. हे लिहून सह्या घेतल्या, मगच दोघं दस्ताला गेले.

वेचणीवाली (यवतमाळ)
आमचा बचत गट. एकीचे हप्ते थकले, बँकेचं कर्ज गटाच्या नावावर त्यामुळं सगळ्यांचं पुढचं कर्ज अडकलं, मीटिंगमधे तिच्यावर सगळ्या तुटून पडल्या, ती यायचीच बंद झाली. मी सचिव. पुढच्या मीटिंगला मी वही उघडली न् तिचं पान न वाचता पयल्या पानापासून सगळ्यांची परतफेड मोठ्यानं वाचली. कोणाचा हप्ता पेरणीच्या टाईमाला उशिरा, कोणाचा पोराच्या फीपाई. आवाज आपोआप खाली आले. मग ठरलं की दिवाळीनंतर कापूस वेचणीचे पैसे हाती येतात तेव्हा दर आठवड्याच्या मजुरीतून थोडे थोडे घ्यायचे. एक सांगते, ही मीटिंग पाराजवळ ठेवू नका बाप्पा, बाया बोलत नाहीत, माणसंच सल्ले देत बसतात.

पाळीवरचा (गोंदिया)
इकडं भांडण तलावाचं. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यातला, १९५१ ला मालगुजारी गेली पण पाणी कोणाचं हा प्रश्न काही गेला नाही. भारी (उशिरा येणारं) धान निसवायच्या (लोंब्या निघायच्या) टाईमाला पाऊस दगा देते, धानवाले म्हणते तुडूम (पाणी सोडायचं दार) उघडा, मच्छीवाले ढिवरभाऊ म्हणते खाली केला तर बीज मरते आमचं. दोघंही खरे. मीटिंगमधे बोलून राहिले असते तर आजवर बोलतच असते. म्हणून सगळ्यांना पाळीवर नेलं, मच्छीवाल्यांनीच दाखवलं इतकं पाणी उरलं पाहिजे, तिथं दगडावर चुन्यानं रेघ मारली. रेघेच्या वरचं पाणी धानाचं. शेपटाकडच्या (शेवटच्या) बांध्यांना, म्हणजे धानाच्या वावरांना, आधी द्यायचं हेही तिथंच ठरलं, कारण वरचे नेहमी आपलं भरून मोकळे होतात. कुरबुर अजून होते, पण ती रेघेवरून होते, जातीवरून नाही.

स्पष्टच बोलते (चंद्रपूर)
सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहिते. १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, चांगली कामंही झाली, पण बक्षिसाच्या नादात मिटवामिटवी पण पाहिली मी. नवरा मारतो म्हणून आलेल्या बाईला समितीनं समजावून परत पाठवलं अन् रजिस्टरमधे "समेट" लिहिलं. मारहाण हा दोघांचा तंटा नाही जी. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे, तिला तिकडं न्या. मधे पडणाऱ्यानं आधी पाहावं की दोन्ही बाजू "नाही" म्हणू शकतात का. नसतील तर तो समेट नव्हे.

धुरेकरी (वाशीम)
ताई, बरोबर आहे, हे वर टाकायला पाहिजे होतं.

मोहफूल (गडचिरोली)
धानोरा तालुक्यात मेंढा लेखा आहे, तिथं ग्रामसभेत मतदान नाही, सर्वसहमती होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा घेतात. आमच्या गावानं तेंदूपत्त्याच्या हिशोबाला हेच केलं. वेळ लय लागते, तरुण पोरं वैतागतात. पण हात वर करून हरलेला माणूस वर्षभर डूख धरते, तो ताप वाचला.

नवा गडी (अमरावती)
पांदण (वावरात जायची वाट) अडवली आहे शेजाऱ्यानं, काट्या टाकल्या. बोलून पाहिलं, ऐकत नाही. आता पऱ्हाटीत (कपाशीत) बंडी (बैलगाडी) कशी न्यावी?

धुरेकरी (वाशीम)
भाऊ, बोलणं चालू ठेवा पण तारीख विसरू नका. मामलेदार कोर्ट ॲक्ट १९०६ चं कलम ५, तहसीलदाराकडं दावा टाकता येते, पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. काट्यांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. अन् त्याच्या वावराची वाट कुठून जाते ते लिहा बरं, त्याला बी कोणाच्या तरी धुऱ्यावरूनच जावं लागत असंल.