मदत हवी आहे: बाळाला सांभाळणाऱ्या मावशींच्या जेवणाचं काय ठरवावं?

डेक्कनकर
बाळ 9 महिन्यांचं आहे. 1 तारखेपासून मावशी येणार आहेत, सोमवार ते शनिवार, सकाळी 8:30 ते संध्याकाळी 6:30. पगार ठरलाय, जेवणाचं बोलणं राहिलंय. स्वयंपाकाच्या ताई 9 वाजता येऊन दोन्ही वेळचं करून जातात. घर शाकाहारी आहे. दुपारी घरात मावशी आणि बाळ, तिसरं कोणी नाही.
जेवण आपण द्यावं की त्यांनी डबा आणावा? द्यायचं तर किती धरायचं? पगारातून वळतं करतात का? आणि बाळ एकट्या त्यांच्याकडे असताना त्यांनी जेवायचं कधी?

वरणफळं
10 तासांचं काम आहे, तेव्हा एक पूर्ण जेवण, सकाळचा नाश्ता आणि दोन चहा घरातूनच द्या. साडेआठला पोचायचं तर डबा पहाटे पाचला होतो आणि दुपारी एकला उघडतो. मधले 8 तास एप्रिल-मेमध्ये वरण-भाताला झेपत नाहीत. शिजलेला भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिला तर त्यात वाढणाऱ्या काही जिवाणूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मावशींचं पोट बिघडलं तरी दिवसभर त्याच हातांनी बाळाला भरवायचं असतं.

पगारातून एक रुपयाही वळता करू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांसाठीचा 2011 चा करार (क्र. 189) आहे. वेतनाचा काही भाग वस्तूंच्या रूपात द्यायचा तर तो मर्यादितच असावा, कामगाराला मान्य असावा आणि त्याची किंमत रास्त धरावी, असं त्यात म्हटलंय. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही, पण मोजपट्टी म्हणून तो चांगला आहे. तुमचा पगार जेवणाचा विषय निघायच्या आधी ठरलाय, म्हणजे आता कापणं ही सरळ पगारकपात झाली.

पायलीभर
प्रमाण सांगते. अंगमेहनत करणाऱ्या बाईचं एका वेळचं जेवण: कणीक 75 ग्रॅम (मध्यम 3 पोळ्या), तांदूळ 50 ग्रॅम, तूरडाळ 30 ग्रॅम, भाजी 150 ग्रॅम, शिवाय ताक किंवा दही. 26 दिवसांचा हिशेब: कणीक 2 किलोला जरा कमी, तांदूळ 1.3 किलो, डाळ 780 ग्रॅम, भाजी 4 किलोच्या आत. वाणसामानाच्या यादीवर हे मांडून बघा, बोजा वाटतो तेवढा नसतो.

गाडी अडते ती दुसरीकडे. "उरेल त्यातलं घ्या" असं मोघम सांगितलं की कधी दोनच पोळ्या उरतात, कधी भाजी संपलेली असते, आणि मावशी मागत नाहीत. त्यांचं ताट आधी मोजून करायला सांगा. स्वयंपाकाच्या ताईंचा दर बहुतेक ठिकाणी माणशी असतो, तेव्हा एक माणूस वाढलं म्हणून त्यांचाही पगार वाढवा. ते विसरलं की दोघींमध्ये कुरबुर सुरू होते आणि कारण तुमच्या कानावर येत नाही.

घड्याळवाली
वेळेबद्दल. कारखाने अधिनियम 1948 मध्ये सलग 5 तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी, असा नियम होता. घराला तो लागू नव्हता, पण माणसाची भूक तीच. साडेआठ अधिक पाच म्हणजे दीड, त्याआधी ताट समोर हवं.
बाळाला 12:15 ला भरवायचं, एकच्या सुमारास झोपवायचं, झोप लागल्यावर दहा मिनिटांनी मावशींनी जेवायला बसायचं. या अर्ध्या तासात कपड्यांच्या घड्या, बाटल्या उकळणं असं काही सांगू नका, फोनही करू नका. बाळ उठलं तर त्यांना उठावंच लागतं, म्हणून हा वेळ कामाच्या तासांतून वजा करायचा नाही.
बाळ झोपलंच नाही तर त्याला उंच खुर्चीत पट्टा लावून समोर बसवावं. गरम वरण, चहा त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर. कडेवर बाळ आणि हातात चहा हे कधीच नको.
बाळ ताटाकडे हात करणारच. वर्षाच्या आत मीठ, साखर टाळायची आणि मध तर अजिबात नाही, तेव्हा फोडणी घालायच्या आधीचं बिनमिठाचं वरण वाटीभर बाजूला काढून ठेवा. "ताटातलं देऊ नका" एवढंच सांगून भागत नाही, हाताशी दुसरं काही लागतं.

सुकटचटणी
वरच्यांशी थोडी असहमत. काहींना स्वतःचीच भाकरी आणि तिखट हवं असतं, रोज पोळी आणि गुळाची आमटी जात नाही. आधी विचारा. डबा हवा म्हणाल्या तर फ्रिजमध्ये जागा आणि गरम करायची मोकळीक द्या, आणि जेवणाचा भत्ता पगाराव्यतिरिक्त द्या. मात्र घरात मासळी-अंडं चालणार नसेल तर ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. डब्यात काय आणायचं यावर तुम्ही बंधन घालत असाल, तर पोटभर जेवण देणं तुमच्यावर आलं.

डेक्कनकर
खूप आभार. जेवण आपणच द्यायचं ठरवलं. मोठ्यांचं म्हणणं आहे की ताट-कप वेगळे ठेवावेत. आणि उपवासाचं काय करायचं?

वरणफळं
वेगळे ठेवू नका. स्वच्छतेचं कारण पुढे करतात, पण त्याच हातांनी बाळ जेवतं, त्याच कुशीत झोपतं. वेगळा कप म्हणजे जात मोजणं, आणि समोरच्या बाईला ते पहिल्या चहालाच कळतं. मोठ्यांशी मावशी यायच्या आधी बोला, त्यांच्यासमोर नको.
उपवास कोणते करतात ते विचारून कॅलेंडरवर खुणा करा: संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार. त्या दिवशी भगर 60 ग्रॅम, दाण्याची आमटी, एखादं केळं. भगरीऐवजी साबुदाणा करायचा तर तो आदल्या रात्रीच भिजवायला लागतो, म्हणून खूण आदल्या दिवशीच्या चौकोनात करा.