बोंडअळी का जिंकली? बीटी जनुकामुळे की संकरित बियाण्यामुळे?

पऱ्हाटीवाला
दिवाळीनंतर वावरात कपाशीची हिरवी बोंडं फोडून पाहिली. वरून बोंड ठणठणीत, एक डाग नाही. नखाने उघडलं तर आत सरकी पोखरलेली आणि तिच्यात गुलाबी अळी. दोन बीटी जनुकांचं बियाणं पेरूनही ही गत. तेव्हापासून काका म्हणतात, "हे जनुकाचं बियाणंच लबाडी आहे." मला हे पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बीटी हा मातीतला जिवाणू. त्याचं क्राय१एसी हे प्रथिन अळीच्या आतड्यात विरघळतं, तिथल्या पेशींना चिकटून भोकं पाडतं. अळी खाणं सोडते आणि मरते. माणसाच्या आतड्यात त्याला चिकटायला जागाच नसते. ते प्रथिन बनवणारं जनुक कपाशीत पोचवायला ॲग्रोबॅक्टेरियम वापरतात. हा जिवाणू एरवीही झाडांच्या पेशीत आपला डीएनए घुसवतोच. आपल्याकडे बीटी कपाशीला २००२ साली मान्यता मिळाली, २००६ मध्ये क्राय२एबी हे दुसरं जनुक आलं. इथवर विज्ञानात मला खोट दिसत नाही.

खोट पुढे आहे. आपलं बियाणं संकरित, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकरातलं. त्यात बीटी जनुक बहुतेक वेळा एकाच पालकाकडून येतं, म्हणजे झाडात प्रत्येक जनुकाची एकच प्रत. त्या झाडाला बोंड धरलं की सरकीत मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमाने जनुकांची वाटणी होते. सरासरी १६ सरक्यांपैकी ९ मध्ये दोन्ही विषं, ६ मध्ये एकच, एकीत काहीच नाही. आणि गुलाबी अळी खाते ती नेमकी सरकी! एकाच बोंडात तिला बिनविषारी, कमी विषारी, जास्त विषारी असं सगळं मिळतं. थोडं विष सोसणाऱ्या अळ्या अशाच वाचतात आणि त्यांचीच पिढी वाढते. सरळ, म्हणजे संकर नसलेल्या वाणात दोन्ही प्रती पक्क्या, त्यामुळे सरकीगणिक विष. शिवाय बी घरचं ठेवता येतं. संकरित मात्र दरवर्षी विकत घ्यावं लागतं, आणि कंपन्यांचा ओढा तिकडेच का, ते यातच आलं.

निंबोळी
दादा, हिशेब बरोबर असेल, पण मूळ मुद्दा सुटतो. एकच विष वर्षानुवर्षं लाखो हेक्टरवर उभं केलं तर अळी ते पचवणारच, वाण सरळ असो की संकरित. फवारणी कमी होईल म्हणून बीटी घेतलं ना? मग २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं का मेली? त्या घरांना हे ९ आणि ६ कसं समजावणार? आमच्याकडे आजोबांच्या काळी गावरानी कापूस होता. धागा आखूड, पण रसशोषक किडींना आणि पाण्याच्या ताणाला तगून राहायचा. तो आपण हातचा घालवला.

पऱ्हाटीवाला
ताई, यवतमाळचं दुःख मलाही आहे. पण अळी पचवणारच, हे सरसकट खरं नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी देशातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. बीटी कापूस, आश्रयपट्टा (म्हणजे सोबत पेरलेली बिगरबीटी कपाशी) आणि वांझ केलेले पतंग सोडणं, हे सगळं त्यांनी मिळून केलं. आपल्याकडे ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगरबीटीची १२० ग्रॅमची पुडी यायची, कडेने पेरायला. किती जणांनी पेरली? आमच्या घरी ती पडवीत पडून राहायची. वर एप्रिलपर्यंत फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपला तरी कपाशी उपटली नाही. अळीला बाराही महिने आपणच जेवू घातलं.

वरुडकर
जनुकीय म्हणजे निसर्गाविरुद्ध, असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आमची संत्र्याची बाग म्हणजे क्लोनच, एकाच झाडाच्या हुबेहूब नकला. जंबेरी लिंबाच्या खुंटावर एकाच मातृवृक्षाचे डोळे भरून केलेली कलमं. उसाचं बेणं, जळगावची उतिसंवर्धित केळी, सगळे क्लोन. क्लोन केलेली डॉली मेंढी १९९६ ची, आपण कलमं कधीपासून बांधतो!

निंबोळी
वरुडकर भाऊ, डोळा भरणं वेगळं आणि जिवाणूचं जनुक कपाशीत घालणं वेगळं. आणि क्लोनची उणीव तुम्हीच रोज बघता. सगळी झाडं सारखी, म्हणून डिंक्या रोग शिरला की बागच्या बाग जाते. एकसारखेपणाचीच मला धास्ती आहे.

डवरा
बोंडअळीचं झालं, तणाचं बोला. निंदायला माणूस मिळत नाही. पावसाची झड लागली की पंधरा दिवसांत पऱ्हाटी गवतात दिसेनाशी होते. म्हणून लोक तणनाशक सहन करणारं, मान्यता नसलेलं चोर बीटी लावतात. २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीरला शेतकऱ्यांनी ते उघड पेरलं, ५ वर्षं कैदेची तरतूद ठाऊक असूनही. मान्यता द्या, म्हणजे पावती तरी मिळेल. आज बी उगवलं नाही तर तक्रार कुणाकडे करायची?

सरकी
माझी आई निंदायला जाते. आषाढ-श्रावणातल्या त्या मजुरीवर आमची वह्या-पुस्तकं आली. तणनाशक आलं की गावातल्या बायकांचं ते काम जाणार. याचा विचार कुणी मांडत नाही, म्हणून लिहिते आहे. डवरा भाऊ, माणूस मिळत नाही म्हणता, पण बाईला मजुरी किती देता तेही लिहा.

डवरा
बाजू खरी आहे, ताई. मजुरी वाढवायला हवी. पण कापसाच्या भावात ती मला बसत नाही, हेही खरं आहे.

निंबोळी
पऱ्हाटीवाला दादा, एक मानते. बीटी लावायचंच असेल तर सरळ वाणात असावं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने तसे वाण काढलेत ना? मग तुम्ही ते का लावले नाहीत?

पऱ्हाटीवाला
मे महिन्यात तालुक्याच्या तीन कृषी केंद्रांत विचारलं. दोघांनी नावच ऐकलं नव्हतं. तिसऱ्याने संकरित पाकीट पुढे ठेवलं आणि म्हणाला, "हेच चालतं." पाऊस तोंडावर होता. तेच घेऊन आलो.