वर मजला चढवायचाय, परवानगी आणि नियमांचं आधी नेमकं काय बघायचं?

जिना_बाहेरून:
नमस्कार मंडळी. घर फक्त तळमजल्याचं आहे, जुनं आहे पण धडधाकट. वर दोन खोल्या आणि बाथरूम काढायचंय, जिना बाहेरच्या बाजूने द्यायचा विचार आहे म्हणजे पुढेमागे वरचा भाग भाड्याने देता येईल. आता ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो जागा तुमची, घर तुमचं, परवानगीबिरवानगी काही लागत नाही, ॲडव्हान्स द्या उद्या माणसं पाठवतो. नात्यातले एकजण म्हणतात प्लॅन पास झाल्याशिवाय वीटसुद्धा हलवू नकोस. आणि नेटवर वाचायला बसलं तर एका साइटवर पायरीची उंची एक, दुसरीवर दुसरी, कुठला नियम कुठला काही कळत नाही. मला एवढंच सांगा की ऑफिसात जायच्या आधी काय माहिती गोळा करायची, तिथे जाऊन काय विचारायचं, आणि आर्किटेक्टकडे आधी जाऊ का ऑफिसात आधी? आणि खरंच परवानगी लागते का हो?

टी_स्क्वेअर:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, लागते. मजला चढवणं हे कुठेही किरकोळ काम धरत नाहीत, रंगकाम, फरशी बदलणं, किचनचा ओटा नवीन करणं ही किरकोळ कामं.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकत्र करताय आणि बहुतेक लोकांचा गोंधळ इथेच होतो. पहिला प्रश्न, या जागेवर काय आणि किती बांधायची मुभा आहे. म्हणजे झोन कुठला (रहिवासी, व्यापारी वगैरे), एफएसआय किती (जागेच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते), त्यातला किती आधीच वापरलाय, उंचीची मर्यादा, चारी बाजूंनी सोडायचं अंतर, पार्किंग, आणि एका घराची दोन स्वतंत्र बिऱ्हाडं करायला परवानगी आहे का. दुसरा प्रश्न, जे बांधायचंय ते कसं बांधायचं. पाया, कॉलम, जिना, उजेड-वारा, वायरिंग, ड्रेनेज, आग लागली तर बाहेर पडायची वाट. पहिलं झोनिंग किंवा विकास नियमावली, दुसरं बिल्डिंग कोड. बऱ्याच ठिकाणी ही दोन वेगळी टेबलं असतात, कधीकधी वेगळी ऑफिसंच, आणि एकाने हो म्हटलं म्हणजे दुसऱ्याचं हो आलं असं नाही. इंग्लंडमध्ये बघा, घराला मागे छोटी खोली वाढवायची तर बरेचदा प्लॅनिंग परमिशनची गरजच नसते, तशी सूट कायद्यातच आहे. पण बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी मात्र वेगळी घ्यावीच लागते. तिथलेही लोक 'परमिशन नको' एवढं अर्धंच ऐकतात आणि अडकतात.

नेटवरचे आकडे वेगवेगळे का, तेही सांगतो. जिन्याचंच घ्या. अमेरिकेत घरांसाठीचा जो मॉडेल कोड म्हणजे नमुना नियमावली आहे, इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड, त्यात पायरीची उंची जास्तीत जास्त ७ पूर्णांक ३/४ इंच म्हणजे १९६ मिमी. भारताच्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये घरासाठी १९० मिमी. इंग्लंडमध्ये खाजगी जिन्याला २२० मिमीपर्यंत चालते. तिन्ही आकडे बरोबर आहेत, आपापल्या जागी! म्हणजे २१० ची पायरी एका देशात पास आणि दुसऱ्यात तोडून परत करा. त्यातून मॉडेल कोड हा स्वतःहून कायदा नसतो, स्थानिक संस्था किंवा राज्य तो स्वीकारतं तेव्हा तो लागू होतो, तोही त्यांनी स्वीकारलेली आवृत्तीच आणि त्यांनी केलेल्या बदलांसकट. अमेरिकेत दोन शेजारशेजारच्या शहरांत वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या चालू असू शकतात. भारताचा नॅशनल बिल्डिंग कोड (एनबीसी २०१६) सुद्धा शिफारशीच्या स्वरूपाचा आहे, खरं चालतं ते तुमच्या पालिकेच्या किंवा प्राधिकरणाच्या नियमावलीवर. म्हणून ऑफिसात पहिला प्रश्न हाच विचारा, सध्या कुठली नियमावली, कुठल्या वर्षाची, आणि त्यात नंतर झालेल्या दुरुस्त्या कुठे मिळतील.

बारीक_नजर:
कॉन्ट्रॅक्टरला म्हणा 'परवानगी लागत नाही' हे लेटरहेडवर लिहून सही करून द्या. बहुतेक तिथेच विषय संपेल 😄

सळई_सिमेंट:
वरचं सगळं पटलं पण मी स्ट्रक्चरच्या बाजूने बोलतो, तेच माझं काम आहे. एफएसआय शिल्लक आहे म्हणजे घर मजला पेलेल असा अर्थ होत नाही, हे लोकांच्या डोक्यातच येत नाही. तुमचं घर कॉलम-बीमवर आहे का नुसत्या भिंतींवर उभं आहे? पाया किती खोल, खाली माती कसली? जुनं ड्रॉइंग मिळालं तर उत्तम, नसेल तर पायाशेजारी एकदोन ठिकाणी खड्डा घेऊन बघावं लागतं, काँक्रीटची टेस्ट करावी लागते, सळई किती आणि किती गंजलीये ते तपासावं लागतं. 'धडधाकट' हे बघून कळत नाही हो, भिंतीला तडा नाही याचा अर्थ आत्ताचं वजन पेलतंय एवढाच. आणि भूकंपाचे नियम जुन्या घराच्या वेळचे वेगळे असणार, मजला चढवला की वरचं वस्तुमान वाढतं त्यामुळे बरेचदा पूर्ण इमारतच आजच्या निकषावर तपासायला लावतात, फक्त वरचा भाग नाही.

दक्षिण कोरियात सोलला साम्पूंग नावाचं डिपार्टमेंट स्टोअर होतं, २९ जून १९९५ ला कोसळलं, ५०२ माणसं गेली. मूळ प्लॅन रहिवासी इमारतीचा, तो बदलून दुकानांचा केला, सरकत्या जिन्यांसाठी कॉलम कमी केले, मग वर पाचवा मजला चढवला, त्यावर रेस्टॉरंट आणि गच्चीवर एसीची अवजड युनिट्स. पाया पहिल्यापासून वेगळ्याच इमारतीसाठीचा. तुमच्या दोन खोल्या आणि ते प्रकरण यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, मान्य, पण चुकीची जात तीच, वापर बदलला वजन वाढवलं आणि खालचा हिशोब परत कुणी केलाच नाही.

आणि परवानगी म्हणजे एकदाचा शिक्का नव्हे. कामाच्या ठरावीक टप्प्यांवर तपासणी असते. पाया किंवा जोता झाल्यावर, सळई बांधून झाल्यावर काँक्रीट ओतायच्या आधी, वायरिंग-पाइप टाकून झाल्यावर प्लास्टर मारायच्या आधी, आणि शेवटची. कुठल्या टप्प्यांवर बोलवायचं, किती दिवस आधी कळवायचं हे परवानगी हातात पडेल त्याच दिवशी विचारून कॉन्ट्रॅक्टरच्या करारात घाला. स्लॅब ओतून मोकळा झाला आणि मग इन्स्पेक्टर आला तर तो उघडून दाखवा म्हणू शकतो, आणि त्याचं चुकत नाही, झाकलेली सळई कुणाला दिसते?

चालतंय_की:
बापरे किती घाबरवताय बिचाऱ्याला. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांनी असेच मजले चढवलेत, कुणाला काही झालं नाही. नंतर दंड भरून नियमित करून घेतात सगळे. कागद करत बसलात तर म्हातारे व्हाल.

बारीक_नजर:
@चालतंय_की नंतर नियमित होतं ते जे नियमात बसत होतं पण विचारलं नव्हतं. बाजूचं अंतरच खाल्लं असेल तर दंड भरून अंतर कुठून येणार? आणि जिथे सरसकट नियमित केलं जातं तिथलं काय होतं तेही बघा. तुर्कस्तानात २०१८ ला बेकायदा बांधकामांना माफीची मोठी योजना आणली होती, पैसे भरा कागद घ्या. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात ५० हजारांवर माणसं गेली तिथे, आणि त्यानंतर सगळ्यात जास्त टीका झाली त्यात ही माफी होती. नियम तर तिथे १९९९ च्या भूकंपानंतर चांगले कडक केले होते! कागद मिळाला म्हणून कॉलम जाड होत नाही.

चालतंय_की:
ठीक आहे भूकंपाचं मान्य. पण शेजाऱ्याचं घर तर अगदी हद्दीला चिकटून आहे, तेही जुनंच, मग त्याला कसं चालतं? हा न्याय कुठला.

टी_स्क्वेअर:
तो बांधला तेव्हाच्या नियमाने बांधला असेल. जुनं बांधकाम त्या वेळच्या नियमात बसत होतं तर सहसा तसंच राहू देतात, पण त्याला हात लावला, वाढवलं किंवा वापर बदलला की नवीन भागाला आजचे नियम. म्हणून 'शेजाऱ्याचं बघून' अंतर ठरवणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार. आणि हो, धागाकर्ते, हे तुम्हालाही लागू आहे, तळमजल्याची भिंत जिथे आहे तिथूनच वरची भिंत सरळ वर नेता येईलच असं नाही, काही ठिकाणी वरच्या मजल्याला जास्त अंतर सोडावं लागतं.

त्यात तुमचा बाहेरचा जिना. तो बहुतेक त्याच मोकळ्या सोडलेल्या जागेत येणार ना? काही नियमावल्या उघडा जिना त्या अंतरात चालवून घेतात, काही अजिबात नाही, काही ठरावीक रुंदीपर्यंत. माझ्या मते तुमचं सगळं प्रकरण खोल्यांवर नाही, या जिन्यावर अडणार आहे. म्हणून आर्किटेक्टकडे पूर्ण ड्रॉइंग करून घ्यायच्या आधी ऑफिसात जा. पण रिकाम्या हाताने नका जाऊ. मालकीचा कागद, हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, आधीचा मंजूर प्लॅन असेल तर तो, आणि हाताने काढलेलं का होईना एक स्केच ज्यात घर, हद्द, मधली अंतरं आणि जिना दाखवलाय. कुंपण म्हणजे हद्द असं धरून मोजू नका, कुंपण कुणीही कुठेही घालतं. स्केच समोर ठेवलं की कारकूनसुद्धा नीट बोलतो, नुसतं 'मजला चढवायचाय काय लागेल' विचारलं तर छापील यादी हातात देऊन मोकळा होतो.

जमिनीखालून कुणाची पाइपलाइन, वरून विजेची तार, शेजाऱ्याचा वहिवाटीचा रस्ता असं काही असेल तर तेही आत्ताच काढा. वरून तार जात असेल तर उंची वाढवताना तिच्यापासून सोडायचं अंतर आड येतं. आणि सोसायटीच्या किंवा लेआउटच्या अटी असतील तर त्या वेगळ्या, पालिका त्या बघत नाही, पण त्या सदस्याला पाळाव्या लागतात.

नवीन_वही:
मध्येच विचारते, मला वर काही नाही बांधायचं, मागे एक सामानाची छोटी शेड करायचीये. त्यालाही एवढं सगळं? कुठेतरी वाचलं की २०० चौरस फुटांपर्यंत परवानगी लागत नाही.

सळई_सिमेंट:
ते २०० चौरस फूट अमेरिकेच्या त्याच मॉडेल कोडमधलं आहे, घरापासून सुटी, एकमजली अशी शेड असेल तर. तुमच्याकडे आकडा वेगळा असेल किंवा सूटच नसेल, विचारून घ्या. पण त्यातली मेख अशी की सूट परवानगीतून आहे, नियमातून नाही, हे त्या कोडमध्ये स्पष्ट लिहिलंय. म्हणजे अर्ज नको पण हद्दीपासूनचं अंतर पाळायचंच, आणि शेडमध्ये दिवा-पंखा लावला तर विजेची परवानगी वेगळी लागू शकते.

जिना_बाहेरून:
सगळ्यांचे आभार, टी_स्क्वेअर तुमचे विशेष. स्केच घेऊन जाऊन आलो. तुम्ही म्हणालात तेच, खोल्यांना अडचण दिसत नाही, एफएसआय शिल्लक आहे, पण बाजूच्या अंतरात जिना चालणार नाही म्हणाले, मागच्या बाजूने घ्या. आणि स्वतंत्र भाड्याने द्यायचं असेल तर दोन बिऱ्हाडं धरणार, मग पार्किंग आणि आगीचे नियम बदलतात, ते अर्जातच लिहा म्हणाले. मी सगळं लिहून त्यांना परत मेल केलाय की आज आपण असं असं बोललो, बरोबर आहे ना. उत्तर आलेलं नाही अजून. कॉन्ट्रॅक्टर आता म्हणतो परवानगी काढायची तर तुमच्या नावाने काढा, मी सहीबिही करणार नाही. हे नॉर्मल आहे का?

बारीक_नजर:
मेल केलात ते बेस्ट. अर्ज मालकाच्या नावाने असणं यात गैर काही नाही, बऱ्याच ठिकाणी तशीच पद्धत आहे. पण जिथे कॉन्ट्रॅक्टरला लायसन्स लागतं तिथे तो 'तुमच्या नावाने काढा' म्हणाला तर आधी लायसन्स बघायला मागायचं, कारण बरेचदा ते नसतं किंवा संपलेलं असतं. पुढे काम थांबवायची नोटीस आली तर ती जागेच्या मालकाला येऊ शकते, फक्त कॉन्ट्रॅक्टरला नाही. काम नियमाप्रमाणे आणि मंजूर प्लॅनप्रमाणेच करीन, बदल झाला तर आधी सुधारित प्लॅन पास करू मग काम, हे करारात नसेल तर हा कॉन्ट्रॅक्टर सोडा सरळ.

टी_स्क्वेअर:
आणखी दोन गोष्टी. परवानगीला मुदत असते, त्यात काम सुरू नाही केलं किंवा मध्ये फार काळ बंद ठेवलं तर ती रद्द होते, त्या अमेरिकन कोडात दोन्हीला १८० दिवस आहेत, तुमच्याकडचा आकडा परवानगीच्या कागदावरच असेल. त्यामुळे पैशांची सोय व्हायच्या आधी घाईने परवानगी काढून ठेवू नका.

दुसरं, जिना मागे गेला म्हणजे उतरल्यावर रस्त्यापर्यंत यायची वाट घराच्या बाजूनेच असणार. ती किती रुंद हवी, त्यात मीटर, पाण्याची टाकी, वॉशिंग मशीन असलं काही ठेवता येईल का, हे पुढच्या खेपेला विचारा. भाडेकरूचं दार वेगळं असेल तर हा प्रश्न ते काढतीलच, आर्किटेक्टने ड्रॉइंग सुरू करायच्या आत उत्तर घेतलेलं बरं.

जिना_बाहेरून:
अरे हो, मीटर सगळे त्याच बाजूला आहेत. विचारतो.