मदत हवी आहे : स्कायरेलमध्ये बसलेलं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या कुळेचे. दूधसागर धबधब्याला रोपवे झाला तर, हा विषय वाड्यावर निघाला की पर्यटकांना तिथे नेणारे जीपवाले एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. मग कोणीतरी ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सचं नाव काढतोच.

तिथली स्कायरेल म्हणजे रोपवेच, 1995 पासून चालते. स्मिथफील्ड ते कुरांडा, साडेसात किलोमीटर, जागतिक वारशातल्या वर्षावनाच्या डोक्यावरून. जंगलात रस्ता न पाडता टॉवरचे भाग हेलिकॉप्टरने उतरवले, हे मला फार आवडलं. पण जाहिरातीत सगळंच ‘शाश्वत’ असतं! शिवाय रेड पीक आणि बॅरन फॉल्स या मधल्या स्थानकांवर उतरून लाकडी वाटेवरून फिरता येतं. म्हणजे माणसं जंगलात येतातच.

तुमच्यापैकी कोणी गेलं असेल, किंवा क्वीन्सलँडला नातेवाईक असतील, तर सांगा: जोराच्या वाऱ्यापावसात ती बंद ठेवतात का? आपल्याकडे धबधबा खरा पावसातच, आणि जीप तेव्हाच बंद. मूळच्या जाबुगाय लोकांना त्यातून काम मिळतं, की नुसता नाच दाखवायला बोलावतात? आणि टॉवरच्या पायथ्याशी झाडं परत वाढलीत का? फोटो असतील तर फारच बरं.

दूधसागर मोले अभयारण्यात येतो, तिथे रोपवेला परवानगी मिळेल का, तो वाद इथे नको.