मदत हवी आहे : पालिका आणि पंचायत यांच्या मधोमध अडकलेली मोरी

नमस्कार मंडळी,

राहतो फोंडा तालुक्यात. आमच्या वाड्याची गंमत अशी की रस्त्याच्या अलीकडची घरं पालिकेत आणि पलीकडची पंचायतीत. एरवी त्याने काही अडत नाही. चतुर्थीला आरत्या एकत्रच होतात, मतदानाला तेवढे दोन दिशांना जातो. पण रस्त्याखालून एक व्हाळ (ओढा) जातो आणि त्यावरची जुनी मोरी कोणाची, हे आम्हाला तीन वर्षांत कोणी सांगितलेलं नाही.

पालिकेत गेलं की "ते पंचायतीकडे येतं". पंचायतीत गेलं की सचिव हसतात, चहा मागवतात आणि पालिकेकडे बोट दाखवतात. दोन्हीकडे अर्ज दिलेत, पोचही आहे. आमच्या रहिवासी संघाच्या शेवटच्या अर्जावर 63 सह्या होत्या. संघ म्हणजे काय, नावापुरताच. नोंदणी नाही, खजिना बिस्किटांच्या डब्यात आणि ग्रुपवर कामापेक्षा सुप्रभातच जास्त.

गेल्या जूनमध्ये मोरी तुंबली आणि पाणी सहा घरांत शिरलं. शेजारच्या काकींनी नातवाची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहून ठेवली आहे, त्याच चौकटीवर आता पाण्याचीही रेघ आहे. नातू पाच वर्षांचा. रेघ त्याच्या गुडघ्याच्या थोडी वर.

त्याआधीच्या मे महिन्यात वर्गणी काढून आम्हीच गाळ उपसला होता. नारळाची सोडणं, बाटल्या, एक अख्खी गादी निघाली. पण उपसलेला गाळ न्यायचा कुठे, हे आधी ठरवलं नव्हतं. तो काठावरच राहिला आणि पहिल्याच पावसात परत आत गेला. मूर्खपणा आमचाच, मान्य.

भरीला भर म्हणून वरच्या अंगाचा एक सखल प्लॉट यंदा लाल मातीने भरलाय. पूर्वी पावसाचं पाणी तिथे पसरून जिरायचं.

आता मार्च अर्धा संपला. जूनच्या आत काय करता येईल? संघ नोंदवला तर आमचं जास्त ऐकतील का? काही तरुण सभासद म्हणतात, सरळ पेपरवाल्यांना बोलवू. मला ते इतक्यात नको वाटतं. उद्या त्याच सचिवाकडे घरपट्टी भरायला जायचंय. गोव्यात असं काही निस्तरलेलं कोणी असेल तर सांगा.

सुपारीची_बाग : नोंदणी करा, पण या कामासाठी त्यावर अडून बसू नका. सोसायटी नोंदणीच्या 1860 च्या कायद्याखाली सात माणसं, घटना आणि नियमावली लागते. बँकेत खातं उघडायला आणि डबा रिटायर करायला ते बरं. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र संघाच्या नावाने टाकू नका, तो हक्क नागरिकाला आहे. तुम्ही स्वतःच्या नावाने टाका. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. "मोरी दुरुस्त करा" असं त्यात लिहू नका, ती माहिती नव्हे. "ही मोरी कोणाच्या नोंदवहीत आहे, शेवटचा खर्च कोणी आणि केव्हा केला" एवढंच विचारा. अर्ज चुकीच्या दारात गेला तर कलम 6(3) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत योग्य दारात पाठवायचा असतो. टोलवाटोलवीवर याहून स्वस्त औषध नाही.

रेडे_घाट : एप्रिलची ग्रामसभा सोडू नका. गोव्यात जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमधल्या एखाद्या रविवारी ती व्हायला हवी. विषयाचं पत्र आधी द्या. ऐनवेळी उभं राहिलात तर "पुढच्या वेळी बघू" ठरलेलं. आणि बोलायला पलीकडच्या घरांतलं माणूस हवं. ग्रामसभेचे सभासद म्हणजे त्या पंचायतीच्या मतदार यादीतले लोक. धागाकर्ते पालिकेत असतील तर त्यांनी मागे बसून नुसत्या माना डोलवाव्यात.

मातीच्या भरावाचं प्रकरण वेगळं चालवा. सखल जागा भरायला नगर नियोजन कायद्याच्या कलम 17अ खाली मुख्य नगर नियोजकाची लेखी परवानगी लागते. सर्व्हे नंबर काढा, एक-चौदा (जमिनीच्या नोंदीचा उतारा) बघा आणि परवानगीची प्रत मागा. परवानगी असली तर निदान अटी तरी कळतील.

कोर्टाची_पायरी : अगदीच कोणी हललं नाही तर उपजिल्हाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रवाचा अर्ज करता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 152. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या एका वॉर्डातले लोक याच कलमाखाली उघड्या गटारांविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे गेले होते. नगरपालिका पैसे नाहीत म्हणत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 1980 मध्ये न्यायालयाने सांगितलं की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. अर्जाला पाण्याच्या रेघेचा फोटो जोडा. चौकटीसकट.

निवृत्त_ओव्हरसीअर : सगळे बरोबर बोलताहेत, पण मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही. रस्ता कोणाचा आहे? आमच्या नोकरीत मोरी रस्त्याबरोबर जायची, व्हाळाबरोबर नाही. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर पालिका आणि पंचायत दोघंही खरं बोलताहेत आणि तुम्ही तीन वर्षं दोन चुकीच्या घरांची बेल वाजवताय. कठड्यावर रंगाने आकडा घातलाय का बघा. 12/3 असा असेल तर बाराव्या किलोमीटरमधली तिसरी मोरी. आकडा असला तर कुठल्यातरी खात्याच्या रजिस्टरमध्ये तिची ओळ आहेच.

धागाकर्ता : सगळ्यांचे आभार. ओव्हरसीअर साहेब, तुमचा प्रतिसाद वाचून काल संध्याकाळी टॉर्च घेऊन गेलो. पालिकेच्या बाजूच्या कठड्याचा अर्धा भाग केव्हाच पडलाय, तिथे काही नाही. पलीकडच्या कठड्यावर शेवाळ होतं, ते सोडणाने घासलं. काकी वरून ओरडत होत्या की साप असेल. साप नव्हता. पिवळा रंग निघाला. 4 स्पष्ट आहे, पुढची तिरकी रेघही आहे. त्यापुढचा आकडा 2 की 7, यावर वाड्यात दोन तट पडलेत.

सोमवारी फोटो घेऊन बांधकाम खात्याच्या रस्ते उपविभागात जातोय. माहिती अधिकाराचा अर्ज आता तिसऱ्या दारातही टाकेन. ग्रामसभेचं पत्र पलीकडच्या काकीच देणार आहेत, त्यांनी स्वतःहून सांगितलं. तिथे काय म्हणतात ते इथेच लिहीन.