तारेच्या चाकात ट्यूब टिकत नाही, तीन महिन्यांत तिसरं पंक्चर

टीसी_४७:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९४७ ची एमजी टीसी मोटार आहे. चाकं तारांची, टायर ४.५०-१९. जुन्या टायरना बाजूने भेगा पडल्या होत्या, म्हणून तीन महिन्यांपूर्वी चारही टायर, ट्यूब आणि ट्यूब-रिमच्या मधल्या रबरी पट्ट्या नव्या घातल्या. त्याच वेळी डाव्या पुढच्या चाकाचा आउट काढून घेतला, म्हणजे तारा ओढून ते सरळ करून घेतलं, कारण फिरवलं की ते नजरेला डुलताना दिसायचं. काम बाहेर दिलं होतं, मी समोर उभा नव्हतो.

तेव्हापासून नेमकं तेच चाक तीनदा बसलंय. रस्त्यात नाही. रात्री गाडी ठीकठाक उभी करायची आणि सकाळी बघावं तर रिम जमिनीला टेकलेली. टायरमध्ये खिळा नाही, काच नाही, आतून हात फिरवून पाच वेळा बघितलं. एकदा पंक्चर काढून तीच ट्यूब घातली, मग नवी घातली, तीही गेली. भोक इतकं बारीक की पाण्यात धरल्यावर एकेक बुडबुडा सावकाश येतो. या गाडीत मी आईच्या मांडीवर बसून फिरलोय, ती गाडी अशी एका बाजूला कललेली मला बघवत नाही. एकाने सुचवलं की ट्यूबलेस करून टाका, कटकट मिटेल. खरंच मिटेल का?

सारथी:
आधी एवढंच सांगा, भोक ट्यूबच्या कुठल्या अंगाला आहे? टायरकडच्या की रिमकडच्या?

टीसी_४७:
रिमकडच्या. तिन्ही वेळा.

जुना_फिटर:
मग टायरमध्ये खिळा शोधणं थांबवा, तो तिथे नाहीच. तुमच्याच प्रश्नात उत्तर आहे: आउट काढला आणि त्यानंतर त्रास सुरू झाला. तार ओढली की ती निपलमध्ये, म्हणजे रिमवर तार धरून ठेवणाऱ्या छोट्या नटमध्ये, वर सरकते. दोन-तीन आटे जास्त ओढली की तारेचं टोक निपलच्या डोक्याच्या वर येतं आणि ट्यूबच्या बाजूला सुईसारखं उभं राहतं. ज्याने तारा ओढल्या त्याने नंतर टोकं घासायला हवी होती. हे काम बहुतेक वेळा राहून जातं, कारण वरून पट्टी बसली की काहीच दिसत नाही. पट्टी नवी असली तरी रबरच ते. चाक फिरतं, ट्यूब गरम होते, हवेचा दाब तिला खाली रेटतो आणि टोक हळूहळू पट्टीतून वर येतं. म्हणून पंक्चर पहिल्या दिवशी होत नाही आणि झालं की रात्रीत हवा उतरते.

खात्री अशी करा. टायर काढण्याआधी व्हॉल्व्हसमोर टायरच्या बाजूला खडूने खूण करा. ट्यूब बाहेर काढून हवा भरा, भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून ते किती अंतरावर आणि कुठल्या बाजूला ते बघा आणि तेवढंच अंतर रिमवर मोजा. मग पट्टी काढून रिमच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, बोट नको. जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे टोक आहे. मी पंक्चर झालेली ट्यूब कधीच नुसती चिकटवून परत घालत नाही, आधी भोक कुणी पाडलं ते बघतो.

टोकं कानशीने निपलच्या डोक्याला सपाट करा, पण निपलचं डोकं खाऊ नका, नाहीतर पुढे तार ओढताना ते धरायला काही उरणार नाही. मग पॉलिश पेपर मारा आणि सगळा कीस पुसून काढा. हो, सगळा. उरलेला एक कण पुरतो. गंज असेल तर तारेच्या ब्रशने काढून प्रायमर आणि रंग द्या, आणि रंग पूर्ण वाळू द्या. ओला रंग पट्टीला धरतो आणि पुढच्या वेळी पट्टी फाटून निघते. पट्टीऐवजी इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुंडाळलेली चाकं मी पाहिली आहेत. गरमीने तिचा गोंद पातळ होतो, ती एका बाजूला सरकते आणि निपल उघडी पडतात. रिमच्या रुंदीचा रबरी फ्लॅपच, म्हणजे रुंद पट्टीच घाला.

ट्यूबलेसचा विचार सोडा. प्रत्येक तारेच्या भोकातून हवा निघेल. शिवाय दाब कमी झाला तरी टायरची कड जागेवर राहावी म्हणून ट्यूबलेसच्या रिमला आतून उंचवटा असतो, तो या रिमला नाही. अशा टायरची कड वळणावर सुटली तर हवा एका झटक्यात जाते.

सारथी:
फिटरदादांशी सहमत. यात माझी भर बसवतानाची. ट्यूबला शंखजिरं (टाल्कची पूड) लावा, पण हाताने चोळून पातळ थर. ओंजळभर ओतलं तर ओल लागून त्याचे खडे बनतात आणि तेच ट्यूब घासतात. नव्या टायरच्या आत कागदी लेबल चिकटवलेलं असतं, ते सोलून काढा. त्याची कडा ट्यूबवर घासत राहते.

ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच हवा भरून ती आत घाला. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून चढवायला घ्या आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा, म्हणजे पहिली चढलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरते आणि शेवटच्या वितीला लिव्हरवर जोर लागत नाही. व्हॉल्व्ह आधी थोडा आत ढकला, नाहीतर त्याच्या बुडाचं जाड रबर कडेखाली चेंगरतं. पूर्ण हवा भरा, व्हॉल्व्हची पिन काढून सगळी सोडा, मग पुन्हा भरा. पहिल्या भरण्यात पडलेली घडी त्यात सुटते. व्हॉल्व्हला नट असेल तर रिमवर घट्ट आवळू नका. टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका दिसेल आणि वेळेत कळेल. आवळलेला व्हॉल्व्ह मुळातून फाटतो.

टीसी_४७:
मंडळी, आज सकाळी चाक उघडलं. खडूची खूण, अंतर, सगळं तुम्ही सांगितलंत तसं केलं. कापूस चार ठिकाणी अडकला, त्यातली तीन ठिकाणं तिन्ही पंक्चरशी तंतोतंत जुळली. चौथ्यापाशी पट्टीवर साबुदाण्याएवढा खड्डा पडलाय, अजून आरपार गेलेला नाही. टॉर्च आडवा धरला तेव्हा दिसलं, तारेचं टोक निपलच्या वर जवळजवळ दोन मिलिमीटर आलंय आणि त्याला आट्याची धारही आहे. जुन्या पट्टीवर गोल ठशांची रांग आहे, प्रत्येक निपलची एक.

टोकं घासली. टायरमधलं लेबलही निघालं, ते अर्धं भुगा झालेलं होतं. आता रंग वाळायला ठेवलाय, फ्लॅप मिळाला की बसवतो. बाकीच्या तीन चाकांचा आउट काढला नव्हता, तरी ती एकेक करून उघडणार आहे. स्टेपनीपासून सुरुवात करतो, कारण तिच्या आत मी आजवर कधी बघितलेलंच नाही.