कोय हापूसची, झाड रायवळ

'हापूसचीच कोय लावली, मग झाड रायवळ कसं?' या प्रश्नाबद्दल थोडं. कोयीत अर्धी जनुकं आईची, अर्धी ज्या झाडाचे पराग आले त्याची. शिवाय हापूसची स्वतःचीही पत्त्यांसारखी पिसली जातात. आमच्या परसात आजीने टाकलेल्या कोयीचं झाड आहे. फळ मुठीएवढं, रेषाळ, पण लोणच्याला झकास! कलम म्हणजे मात्र त्याच झाडाची प्रत, म्हणून गुणांबरोबर साक्याचा दोषही येतो. साका म्हणजे फळ बाहेरून केशरी, कापल्यावर आत पांढरट, भुसभुशीत. (गिऱ्हाईक शिव्या आम्हालाच घालतं.) साक्याला उन्हाची धगही कारण, पण जातही तेवढीच: वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली दिलेल्या 'रत्ना' या जातीत साका पडत नाही. चवीला मात्र आमचं मत हापूसलाच.